थांबत फिरणारा जॉब : पुण्यातल्या चौथ्या अक्षाची पूर्वपीठिका

लाकूड किंवा धातू फिरवून घडवण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, अखंड आणि वेगाने फिरतो, हत्यार त्याला टेकवून धरलेले असते. लाटणे, भोवरा, पाळण्याचे खूर, बुद्धिबळातली प्यादी अशी निघतात. दुसऱ्या रीतीत कापण्याचे काम हत्यार करते आणि जॉब फक्त मोजून वळवला जातो: थोडा वळवायचा, थांबवायचा, कापायचे, पुन्हा वळवायचा. खांबावरच्या पाकळ्या, गिअरचे दात, ड्रिलची पीळदार पन्हळ ही या रीतीची कामे. घरच्या पार्किंगमध्ये किंवा भाड्याच्या गाळ्यात हौसेने सीएनसी राउटर चालवणारे लोक ज्याला चौथा अक्ष म्हणतात तो दिसायला थेट लेथसारखा असतो. एका टोकाला चक, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक, मध्ये लाकडाचा सोट. पण त्याचे कूळ लेथचे नाही, ते दुसऱ्या रीतीचे आहे. पुण्यात त्या कुळाच्या खुणा वाड्यांच्या खांबांपासून भोसरीच्या शेडपर्यंत सापडतात.

पहिली रीत कातारी लोकांची. त्यांची जुनी लेथ म्हणजे जमिनीलगतचे दोन खुंट आणि त्यांत टोकांवर अडकवलेले लाकूड. लाकडाला दोरीचा किंवा पट्ट्याचा वेढा देऊन मदतनीस तो आलटून-पालटून ओढी, नाहीतर कारागीर स्वतः एका हाताने धनुकली चालवी. त्यामुळे लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरे. पटाशी पुढच्या फेऱ्यातच कापी, मागच्या फेऱ्यात ती किंचित उचलून धरावी लागे. हात गुंतलेले असल्याने हत्यार सावरायला पायाचा अंगठाही कामाला येई. सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी फळे आणि खेळणी याच कातकामातून आली. पुण्यात हा माल मिळण्याचे ठिकाण तुळशीबाग. भातुकलीचा पोळपाट-लाटण्याचा जोड तिथे आजही मिळतो, फक्त तो आता विजेच्या लेथवर कातलेला असतो.

या रीतीला एक अंगभूत मर्यादा आहे. जॉब सतत फिरत असल्यामुळे त्याचा कोणताही आडवा छेद गोलच येतो. कडी, खोबण, मणी, निमुळता दांडा, सगळे जमते. पण आठ पैलू, सोळा पाकळ्या किंवा चौकोनी बैठकीतून वर येणारे कमळ जमत नाही.

पेशवाईतल्या वाड्यांना नेमके तेच हवे होते. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० सालची. त्याचे लाकडी अंतरंग १८२८ च्या आगीत गेले, पण दुसऱ्या बाजीरावाने १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधवलेला विश्रामबागवाडा उभा आहे आणि त्याच्या दर्शनी भागात हे काम डोळ्यांनी पाहता येते. चौकोनी बैठक, त्यावर कमळाच्या किंवा घड्याच्या आकाराचा भाग, वर सुरूच्या झाडासारखा निमुळता दांडा, माथ्याशी पुन्हा पाकळ्या, आणि तुळईखाली केळफुलाचे घाट. सागवानाचा असा अवजड सोट धनुकलीच्या लेथवर चढणे शक्य नव्हते आणि चढून उपयोगही नव्हता. खांब सुताराने आडवा ठेवून, वळवत, आखत, पटाशीने कोरायचा.

आखणी हा या कामाचा कणा. चौकोनी तुळईचा अठकोनी दांडा करायचा असेल तर सुतारकामात जगभर चालत आलेला ठोकताळा असा: बाजूचे २४ भाग करा आणि दोन्ही कडांपासून सात-सात भागांवर रेघ मारा. मधे दहा भाग उरतात. काटेकोर गणिताने कडेचा भाग बाजूच्या ०.२९२९ पट यायला हवा आणि सात भागिले २४ म्हणजे ०.२९१७. पाच इंची खांबावर हा फरक दीड दशांश मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे रेघेच्या जाडीत विरून जातो. चारही कोपरे त्या रेघांपर्यंत तासले की आठ पैलू. आठांचे कोपरे मारले की सोळा, सोळांचे मारले की बत्तीस, आणि त्यानंतर रंध्याने गोल. म्हणजे सुताराच्या हाती गोल सगळ्यांत शेवटी येतो. कातारी त्याच गोलापासून सुरुवात करतो. पाकळ्या कोरायच्या असतील तर सुतार अठकोनावर किंवा सोळा पैलूंवर थांबतो, कारण वर्तुळाची वाटणी तिथे आधीच झालेली असते.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हीच गोष्ट तांब्यावर होते. मठारकामात हंडा लोखंडी दांड्यावर चढवलेला असतो, हातोडी एकाच जागी एकाच लयीत पडत राहते आणि कारागीर दुसऱ्या हाताने भांडे प्रत्येक ठोक्यागणिक चिमूटभर फिरवतो. ठोक्यांची ओळ भांड्याभोवती एक फेरा घेऊन सुरुवातीच्या ठोक्याला मिळते आणि पुढची ओळ तिच्याखाली सुरू होते. इथे मोजपट्टी नाही, भोकांची पाटी नाही. अंतर मनगटात बसलेले असते. आजच्या सीएनसी नियंत्रकाच्या भाषेत सांगायचे तर हातोडी हा वरखाली होणारा झेड अक्ष आणि भांडे फिरवणारा हात हा फिरता ए अक्ष.

मनगटातले अंतर यंत्रात उतरवण्याचे श्रेय बहुतेक इतिहास जोसेफ ब्राउन या अमेरिकन कारागिराला देतात. अमेरिकेतले यादवी युद्ध चालू होते आणि बंदुकांच्या भागांना बारीक भोके पाडायला पीळदार ड्रिल लागत. त्या ड्रिलच्या पन्हळी गोल कानशीने हाताने काढल्या जात. ब्राउनने १८६२ साली प्रॉव्हिडन्स शहरात युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवले. त्यात टेबल सरकताना जॉब त्याच प्रमाणात फिरत असे, त्यामुळे पन्हळ आपोआप पिळाची निघे. त्या जॉब फिरवणाऱ्या भागाचे नाव डिव्हायडिंग हेड. पुढे शंभर वर्षे जगातल्या प्रत्येक चांगल्या टूल रूममध्ये ते कुठल्या ना कुठल्या रूपात असायचे.

लाकडात अनियमित आकार कोरण्याची युक्ती त्याआधीची. थॉमस ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास बंदुकीचे दस्ते नमुन्यावरून उतरवणारे यंत्र केले होते. त्यात नमुना आणि लाकूड दोन्ही एकत्र सावकाश फिरत, नमुन्यावर टेकलेले चाक पुढे-मागे होई आणि त्याच्याबरोबर कापणारे चाकही. हत्यार वेगाने, जॉब सावकाश: छंदाच्या राउटरवरचा चौथा अक्ष कामाच्या पद्धतीने पाहिला तर ब्लँचर्डला ब्राउनपेक्षा जवळचा आहे. नमुन्याची जागा फाइलने घेतली, एवढेच.

पुण्यात आधुनिक यंत्रकाम आले ते सरकारी दाराने. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवेत म्हणून १८५४ साली निघालेला वर्ग पुढे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. काडतुसांच्या कारखान्याला डाय आणि पंच लागतात, ते घडवायला टूल रूम लागते आणि टूल रूमला मोजून वळवणारी माणसे लागतात. खाजगी बाजूला किर्लोस्करांचा वाटा मोठा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून पदवी घेऊन परतले. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना निघाला आणि १९४६ साली खडकीला ऑइल इंजिनांचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी छोट्या वर्कशॉपांत आणि आयटीआयच्या शेडमध्ये किर्लोस्कर लेथ हेच पहिले यंत्र होते.

पण दुसऱ्या रीतीला पुण्यात खरी गर्दी मिळाली ती १९६० नंतर. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली. आकुर्डीला बजाज, मुंढव्याला भारत फोर्ज, कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स, दापोडीला सँडविक एशिया. टेल्कोची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्याचे काम १९६६ च्या सुमारास सुरू झाले, पण तिथून पहिले व्यावसायिक वाहन निघाले १९७७ साली. मधल्या वर्षांत टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी तिथे आधी मशीन टूल आणि प्रेस टूल बनवण्याचा विभाग व शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण उभे केले. गाडी बनवण्याआधी गाडी बनवणारी यंत्रे बनवायची, हा तेव्हा उलटा वाटणारा क्रम होता. त्यातून तयार झालेले टूलमेकर आणि मिलर पुढे भोसरी, हडपसर आणि पर्वतीच्या गाळ्यांतून स्वतःची वर्कशॉपे टाकून बसले.

या माणसांच्या बोटांवर डिव्हायडिंग हेडचे गणित असे, आणि ते गणित थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. हेडच्या आत ४० दातांचे वर्मव्हील आणि एकाच आट्याचा वर्म. हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक फेरा होतो, म्हणजे हँडलचा एक फेरा जॉबला ९ अंश वळवतो. आठ पाकळ्या हव्या असतील तर ४० भागिले ८, प्रत्येक पाकळीला पाच पूर्ण फेरे. इथवर सोपे. २८ दातांचे गिअर कापायचे असेल तर ४० भागिले २८, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर तीन सप्तमांश. हा अपूर्णांक मोजायला इंडेक्स प्लेट. तिच्यावर वेगवेगळ्या संख्येच्या भोकांची वर्तुळे असतात. २१ भोकांचे वर्तुळ घेतले की तीन सप्तमांश म्हणजे नऊ भोके. एक फेरा आणि नऊ भोके, खिट्टी आत, लॉक, काप. असे २८ वेळा. दरवेळी नऊ भोके मोजत बसू नये म्हणून प्लेटवर कैचीसारखे दोन हात लावून ठेवतात. मोजताना खिट्टी ज्या भोकात आहे ते शून्य धरायचे असते. ते भोक एक धरले की दरवेळी एक भोक कमी पडते, अठ्ठाविसाव्या आणि पहिल्या दातामध्ये जास्तीची जागा उरते आणि गिअर भंगारात जाते. शिकाऊ मुलाची ही ठरलेली चूक.

ब्राउनच्याच ब्राउन अँड शार्प कंपनीच्या तीन प्लेटांवर १५ पासून ४९ पर्यंतची वर्तुळे असत. त्यांच्या जोरावर ५० पर्यंतचा कुठलाही भाग सरळ निघे. ५१ म्हटले की अडले, मग हेड आणि प्लेट यांच्यामध्ये गिअर जोडून प्लेटच हळूहळू सरकती ठेवावी लागे. पिळाच्या कामाला आणखी एक जोडणी. टेबलाच्या स्क्रूपासून हेडपर्यंत गिअरची साखळी लावायची. स्क्रूचा आटा ५ मिलिमीटरचा आणि साखळीचे गुणोत्तर एकास एक असेल तर टेबल ४० गुणिले ५, म्हणजे २०० मिलिमीटर सरकेपर्यंत जॉबचा एक फेरा पूर्ण होतो. दुसरा पीळ हवा तर दुसरी गिअर. बाकी सगळे आजच्या चौथ्या अक्षासारखेच, फक्त प्रोग्राम पोलादी दातांत लिहिलेला.

संख्यात्मक नियंत्रणाचा इतिहास पुष्कळ ठिकाणी लिहिला गेला आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी जॉन पार्सन्सने मांडलेली कल्पना, एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९५२ साली दाखवलेले तीन अक्षांचे पहिले यंत्र, पुढे एक्सभोवती फिरणाऱ्या अक्षाला ए, वायभोवतीच्याला बी आणि झेडभोवतीच्याला सी ही नावे. गिअरच्या साखळीचे काम मोटरने आणि भोकांच्या प्लेटचे काम आकड्याने घेतले. पुण्याच्या कारखान्यांत सीएनसी रुळली तेव्हा व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर रोटरी टेबल हा जोडभाग म्हणून आला आणि डिव्हायडिंग हेड कोपऱ्यात जाऊन बसले. त्यांतली बरीच पुढे कामगार पुतळ्याजवळच्या जुन्या बाजारात, रविवारी आणि बुधवारी, चक, व्हाइस आणि कानशींच्या ढिगात दिसू लागली.

हे सगळे कारखान्यापुरते राहिले असते. ते घरापर्यंत आले ते स्टेपर मोटर आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. अमेरिकेच्या मानके संस्थेत सुरू झालेल्या नियंत्रकातून लिनक्ससीएनसी निघाले. माख-३ या नियंत्रक सॉफ्टवेअरमुळे प्रिंटर पोर्ट असलेला कुठलाही टाकाऊ संगणक यंत्राचा मेंदू होऊ शकला. सिमेन स्वाले स्कॉग्सरुड या नॉर्वेच्या प्रोग्रामरने २००९ साली जीआरबीएल लिहिले आणि तेच काम आर्डुइनोच्या तळहाताएवढ्या पाटीवर आले. पुणे जिल्ह्यापुरती एक घटना याच्याही आधीची. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली काढलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीच्या बाहेर निघालेली ही पहिली फॅब लॅब मानली जाते. संगणकाने चालणारे कापण्याचे यंत्र कारखानदाराच्या नव्हे तर गावातल्या शिकणाऱ्या मुलाच्या हाती द्यायचे, ही कल्पना इकडच्या मातीत अशी आली.

छंदाच्या राउटरवर चौथा अक्ष बांधताना पुण्यात सामान शोधायला फार हिंडावे लागत नाही. मोटर, ड्रायव्हर आणि वायर बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, चक जुन्या बाजारात, लाकूड टिंबर मार्केटमध्ये. तयार जोडही मिळतात, बहुतेक चिनी: तीन किंवा चार जबड्यांचा चक, पट्ट्याची घट (मोटरचे फेरे कमी करणारी जोडणी) आणि टेलस्टॉक. घट का लागते ते आकड्यांत पाहावे. साध्या स्टेपर मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावले, म्हणजे पाऊल १.८ अंशांचे. चार इंची खांबाच्या पृष्ठभागावर एवढ्याने सुमारे दीड मिलिमीटर अंतर सरकते. त्यावर कुठलीच नक्षी टिकणार नाही. ड्रायव्हरने पावलाचे १६ भाग केले की ३,२०० आणि एकास सहाची पट्टा-घट लावली की १९,२००. आता त्याच खांबावर एक भाग ०.०१७ मिलिमीटरचा येतो. सागवानाला एवढे पुरून उरते. पावलाचे १६ भाग कागदावरचे असतात, त्यांच्यात पुरेसा जोर नसतो. घटीने मिळालेले सहा पट मात्र खरे, कारण तिथे जोरही सहा पट वाढतो. पट्ट्याऐवजी वर्म घेतला तर घट मोठी मिळते, पण त्याच्या दातांत बॅकलॅश, म्हणजे थोडी मोकळी फट, असते. पटाशीच्या जागी फिरणारा कटर दोन्ही बाजूंनी ढकलत असल्याने जॉब तेवढ्या फटीत थरथरतो आणि पाकळीच्या कडा झालरीसारख्या येतात.

नियंत्रकाला दर अंशाला किती पावले ते सांगावे लागते: १९,२०० भागिले ३६०, म्हणजे ५३.३३३३ आणि पुढे तीनच तीन. कोणी आळसाने ५३.३ लिहिले तर दर फेऱ्याला १२ पावले कमी पडतात. एका फेऱ्यात ती पाव अंशाहूनही कमी, दिसत नाहीत. पण पिळाच्या खांबाला दहा फेरे लागले की सव्वादोन अंशांची चूक साचते आणि परतीच्या वाटेवरचा कटर आधीच्या पन्हळीची कड खातो. इंडेक्स प्लेटवर चुकलेले भोक आणि इथे गाळलेले दशांश ही एकाच जातीची चूक.

मूळ जीआरबीएल तीनच अक्ष ओळखते. त्यामुळे कित्येकजण वाय अक्षाच्या मोटरची वायर काढून ती रोटरीला लावतात. सॉफ्टवेअरला वाटते आपण सपाट फळीवर कोरतो आहोत, प्रत्यक्षात ती फळी खांबाभोवती गुंडाळली जात असते. ६० मिलिमीटर व्यासाच्या खांबाचा परीघ १८८.५, तेव्हा दर मिलिमीटरला १०१.८६ पावले भरायची. व्यास बदलला की हा आकडाही बदलायचा. जुगाड आहे, पण सरळ दांड्यावरच्या वेलबुट्टीला पुरतो. निमुळत्या सुरूला नाही, तिथे खरा चौथा अक्ष असलेला नियंत्रकच लागतो.

बसवताना सगळे लक्ष मध्यरेषेवर. चक आणि टेलस्टॉक यांना जोडणारी रेषा एक्स अक्षाला समांतर हवी. पोलादी गोल दांडा पकडून, स्पिंडलला डायल गेज लावून, ते गेज या टोकापासून त्या टोकापर्यंत वरून आणि बाजूने फिरवून पाहतात. वायचे शून्य त्या रेषेच्या बरोबर वर हवे. ते अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल तर समोरची रेघ अर्धा मिलिमीटर एका बाजूला आणि जॉब १८० अंश वळवल्यावर मागची रेघ तेवढीच दुसऱ्या बाजूला पडते. दोन्ही मिळून एक मिलिमीटर. खांबाभोवती फिरून स्वतःला मिळणारी वेल मिळत नाही. झेडचे शून्य लाकडाच्या वरच्या पृष्ठभागावर न धरता फिरण्याच्या मध्यावर धरतात, कारण पृष्ठभाग पहिल्याच पासात नाहीसा होणार असतो.

वेगाचा घोळ नवख्याला हमखास गाठतो. फिरत्या अक्षाचा वेग अंशांत मोजला जातो. मिनिटाला ३०० अंश हा वेग चार इंची घड्यावर मिनिटाला सुमारे २६० मिलिमीटर होतो आणि २० मिलिमीटरच्या बारीक मानेवर जेमतेम ५२. मानेशी आलेला कटर जागीच घासत राहतो आणि लाकूड काळे पडते. म्हणून चांगले सॉफ्टवेअर प्रत्येक हालचालीला वेग न सांगता वेळ सांगते. आधी सोट गोल किंवा अठकोनी करून घेणारा जाड पास, मग पाव इंची, म्हणजे सुताराच्या मापाने दोन सुती, गोल नाकाच्या कटरचा बारीक पास, असा क्रम. शेवटचा पास लांबीच्या दिशेने घेतला तर कटर रेषांबरोबर चालतो आणि सागवान स्वच्छ निघते. आडवा घेतला तर काम लवकर उरकते, पण कुसे उठतात.

पुण्यात अशा राउटरला काम कमी नाही. २०१८ साली राज्याने थर्माकोलवर बंदी आणल्यावर एमडीएफच्या पाट्या कापून जोडलेली गणपतीची मखरे वाढली. त्या पाट्या सपाट, त्यांना तीन अक्ष पुरतात. देव्हाऱ्याचे चार खांब, जिन्याच्या कठड्याचे दांडे, झोपाळ्याच्या आणि पलंगाच्या खुरांवरचे कमळ यांना चौथा लागतो. जुन्या वाड्याचा एखादा खांब वाळवीने खाल्ला तर शेजारच्या खांबाची मापे घेऊन जोडीदार बनवायलाही तो उपयोगी. तरी दोन ठिकाणी यंत्र हात टेकते. चकमध्ये आणि टेलस्टॉकवर धरलेली टोके कोरता येत नाहीत, म्हणून सोट तीन-चार इंच लांब घेऊन ती टोके शेवटी करवतीने उडवतात आणि कूस पटाशीनेच पाडतात. आणि कटर नेहमी मध्यरेषेच्या दिशेनेच उतरत असल्याने केळफुलाच्या बाहेर वळलेल्या पाकळीच्या आतल्या पोकळीत तो पोहोचत नाही. तिथे एकतर हेड तिरपे करणारा पाचवा अक्ष लागतो, जो हौशी राउटरवर क्वचित असतो, नाहीतर बाक दिलेली पटाशी.